रक्तातला मार्कर आणि गर्भपिशवीचा कॅन्सर : रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही

वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या बैठकीत हल्ली आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती, मध्येच अंगावरून लाल गेलं. लॅबमध्ये कॅन्सरची रक्ततपासणी केली, ती नॉर्मल आली. आता घाबरायचं कारण नाही ना?" कधी प्रश्न उलटा असतो. "मुलीच्या रक्तात कॅन्सरचा मार्कर वाढलाय म्हणतात. पिशवी काढून टाकायची का?"

दोन्ही प्रश्नांच्या मागे एकच समज आहे. रक्ताची एक बाटली दिली की पिशवीत कॅन्सर आहे की नाही हे कळते, असे पुष्कळांना वाटते. काही लॅबची पत्रके वाचूनही तसेच वाटावे. म्हणून या महिन्याच्या पानावर आपण ट्यूमर मार्कर हा विषय शिकणार आहोत. मार्कर म्हणजे काय, गर्भपिशवीच्या कॅन्सरचा प्रकार आणि तीव्रता ठरवण्यात त्याचा वाटा किती, आणि नाशिकमध्ये राहणाऱ्या बाईने नेमके काय करायचे, हे क्रमाने पाहू. लेख थोडा मोठा आहे. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी तो आई, आजी, मावशी यांना वाचून दाखवावा.

पिशवी एक, कॅन्सर दोन

आधी एक घोळ दूर करू. आपण सरसकट "पिशवीचा कॅन्सर" म्हणतो, पण गर्भपिशवीत दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळे कॅन्सर होतात.

पहिला पिशवीच्या तोंडाचा. त्याला गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हणतात. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. दुसरा पिशवीच्या आतल्या अस्तराचा. दर महिन्याला पाळीच्या वेळी जे अस्तर गळून बाहेर पडते, त्याच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की हा कॅन्सर होतो. डॉक्टर याला एंडोमेट्रियल कॅन्सर म्हणतात. आजचा लेख या दुसऱ्या कॅन्सरबद्दल आहे.

हा फरक का महत्त्वाचा? कारण तोंडाच्या कॅन्सरसाठी धडधाकट बाईचीही तपासणी करण्यात फायदा आहे, आणि हे आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० महिलांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होते. २००९ साली त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

अस्तराच्या कॅन्सरसाठी मात्र अशी कोणतीही तपासणी अजून नाही. ज्या बाईला काहीच त्रास नाही, तिच्या रक्ताच्या तपासणीतून हा कॅन्सर आधी पकडता येत नाही. पॅप तपासणी किंवा पिशवीच्या तोंडाला औषध लावून केलेली तपासणी चांगली आली, तरी ती तोंडापुरती असते. आतल्या अस्तराची खात्री त्यातून मिळत नाही.

पण या कॅन्सरची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तो बहुधा लवकर खूण देतो. अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ बायांना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे शरीर स्वतःच इशारा देते, आणि तो बहुधा कोणत्याही महागड्या रक्ततपासणीच्या आधी मिळतो.

ट्यूमर मार्कर म्हणजे काय?

कॅन्सरच्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. या प्रथिनांचे प्रमाण मोजले की कॅन्सरविषयी काही अंदाज येऊ शकतो. अशा मोजता येणाऱ्या खुणेला ट्यूमर मार्कर म्हणतात. अडचण अशी की यातली बहुतेक प्रथिने निरोगी पेशीही तयार करतात. त्यामुळे मार्कर वाढला म्हणजे कॅन्सर, आणि नाही वाढला म्हणजे कॅन्सर नाही, असे साधे गणित नाही. चुलीवर भात करपला तरी धूर होतो आणि घर पेटले तरी होतो. शिवाय एखादी ठिणगी धूर न करताही आत धुमसत असते.

अस्तराच्या कॅन्सरच्या संदर्भात चार नावे तुमच्या रिपोर्टवर दिसू शकतात.

सीए-१२५ : हा सर्वांत परिचित. अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तो अंडाशयाच्या कॅन्सरसाठी शोधला. साधारण ३५ युनिटपर्यंत नॉर्मल धरतात. अस्तराचा कॅन्सर पिशवीच्या बाहेर पसरला असेल तर तो वाढलेला असण्याची शक्यता जास्त. कॅन्सर पिशवीतच असेल तर बहुतेक बायांमध्ये तो नॉर्मलच येतो.

एचई-४ : हा त्यामानाने नवा. अस्तराच्या कॅन्सरमध्ये तो सीए-१२५ पेक्षा जास्त वेळा वाढलेला दिसतो. कॅन्सर पिशवीच्या भिंतीत किती खोल गेला याचाही काहीसा अंदाज त्यातून येतो. पण तो वयाबरोबर आणि किडनीच्या आजारातही वाढतो.

सीए १९-९ आणि सीईए : हे मुख्यतः पोटातल्या इतर अवयवांच्या कॅन्सरसाठी वापरतात. अस्तराच्या कॅन्सरमध्ये ते काही वेळा वाढतात, पण त्यावरून निदान होत नाही. सीईए तर धूम्रपान करणाऱ्यांमध्येही वाढलेला असतो.

आता सीए-१२५ कॅन्सर नसतानाही कशाकशात वाढतो ते पाहा. पाळीच्या दिवसांत. गरोदरपणात. पिशवीत गाठी असतील तर. अस्तर पिशवीच्या भिंतीत घुसून पिशवी जाड झाली असेल तर. अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजारात. ओटीपोटात पू किंवा सूज असेल तर. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झाले असेल तर. आणि आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटाच्या टीबीमध्ये. पोटाच्या टीबीत हा आकडा कित्येक शेकड्यांवर जाऊ शकतो, आणि टीबीचा औषधोपचार सुरू झाला की उतरतो. म्हणजे आकडा पाहून "कॅन्सर" म्हणून रडारड झालेल्या घरात प्रत्यक्षात पूर्ण बरा होणारा टीबी असू शकतो.

तीन रिपोर्ट शेजारी ठेवू

हे नीट समजावे म्हणून तीन उदाहरणे घेऊ. ती खऱ्या व्यक्तींची नाहीत, धडा समजावा म्हणून मांडली आहेत.

पहिली बाई ५६ वर्षांची. अंगाने स्थूल, साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू. पाळी जाऊन सहा वर्षे झाली आणि आता डाग पडतात. सीए-१२५ आला १४, म्हणजे नॉर्मल. ती घरी बसली तर? सोनोग्राफीत अस्तर १३ मिलिमीटर जाड निघते. तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघतो, पण सौम्य प्रकारचा आणि पिशवीतच असलेला. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर अशा बहुसंख्य बाया बऱ्या होतात. या बाईला सर्वांत मोठा धोका कोणता होता? तो नॉर्मल रिपोर्ट.

दुसरी बाई ३४ वर्षांची. पाळीत खूप दुखते, रक्त जास्त जाते. सीए-१२५ आला ९०. घरात हाहाकार. तपासणीत पिशवीची भिंत जाड निघते, अस्तराचा तुकडा चांगला येतो. कॅन्सर नाही. गोळ्यांनी तिचा त्रास आटोक्यात येतो. या बाईला धोका होता वाढलेल्या आकड्याचा, कारण त्या भीतीने तिची पिशवी गेली असती.

तिसरी बाई ६८ वर्षांची, अंगाने बारीक. थोडेसे लाल पाणी जाते, पोट फुगल्यासारखे वाटते. सीए-१२५ आला ४२०. तुकड्यात आक्रमक प्रकारचा कॅन्सर निघतो, सीटी स्कॅनमध्ये तो पोटात पसरलेला दिसतो. इथे मार्कर उपयोगी पडला, कारण पसरल्याची शंका त्याने आधीच दाखवली आणि पुढे औषध लागू पडते की नाही हे मोजायला तो आकडा कामी येईल.

तीन आकडे, तीन वेगळे अर्थ. आणि तिन्ही वेळा खरे उत्तर दिले ते अस्तराच्या तुकड्याने.

प्रकार कोण ठरवतो?

अस्तराच्या कॅन्सरचे ढोबळ दोन प्रकार आहेत. याकोव्ह बोखमन या रशियन डॉक्टरांनी १९८३ साली ही विभागणी मांडली.

पहिला प्रकार जास्त आढळतो. शंभरातल्या सुमारे ८० बायांना तो असतो. तो इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी जोडलेला आहे. शरीरातली चरबीसुद्धा इस्ट्रोजेन तयार करते. पाळी गेल्यावरही ते अस्तराला वाढायला लावते, आणि त्याला आवर घालणारे दुसरे हार्मोन त्या वेळी नसते. म्हणून स्थूलपणा, मधुमेह, पीसीओडीमुळे महिनोन्‌महिने न येणारी पाळी, मूल न झालेले असणे, या गोष्टी धोका वाढवतात. (मूल न होणे हा कोणाचा दोष नाही. इथे फक्त शरीराचे गणित सांगितले आहे.) स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन गोळी चालू असलेल्या बाईलाही धोका वाढतो. तिने गोळी मनाने बंद करायची नाही, पण लाल गेले तर लगेच डॉक्टरांना सांगायचे. हा प्रकार सहसा सावकाश वाढतो.

दुसरा प्रकार कमी आढळतो, पण जास्त आक्रमक असतो. तो बहुधा वयस्कर बायांना होतो, स्थूलपणाशी त्याचे नाते कमी आहे. पिशवीत लहान असतानाही तो पोटात पसरू शकतो. सीए-१२५ वाढलेला असण्याची शक्यता या प्रकारात जास्त असते. "मी तर काडीसारखी बारीक, मला कशाला होईल?" असे म्हणणाऱ्या आजीने हे लक्षात ठेवावे.

रक्तातला आकडा प्रकाराकडे फक्त बोट दाखवतो. प्रकार ठरतो तुकड्यावर. पॅथॉलॉजीचे डॉक्टर तो दुर्बिणीखाली पाहतात आणि गरज पडली तर त्यावर खास रंग चढवून प्रथिने तपासतात. हेही मार्करच, पण रक्तातले नव्हेत, गाठीतले. रिपोर्टवर त्यांची नावे अशी दिसतील.

ईआर आणि पीआर : हे हार्मोनशी नाते दाखवतात. पहिल्या प्रकारात ते बहुधा असतात.

पी-५३ : याचा रिपोर्ट बिघडलेला आला तर कॅन्सर आक्रमक असण्याची शक्यता मोठी. उपचार त्यानुसार कडक करावे लागतात.

एमएमआर : चार प्रथिनांचा गट. पेशीतल्या चुका दुरुस्त करण्याचे काम ती करतात. ती नाहीशी झाली असतील तर दोन गोष्टी कळतात. एक, कोणते औषध चालण्याची शक्यता आहे. दोन, हा कॅन्सर घराण्यातून आलेला असू शकतो. ज्या घरात आईला पिशवीचा, मामाला किंवा भावाला आतड्याचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी. अशा घरातल्या मुलींची तपासणी लवकर सुरू करता येते.

२०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने पेशींमधल्या अशा बदलांवरून या कॅन्सरचे चार गट पाडले. कोणत्या बाईला शस्त्रक्रियेनंतर नुसती देखरेख पुरेल आणि कोणाला शेक व केमो द्यावी लागेल, हे ठरवायला आता त्या गटांचा आधार घेतात.

तीव्रता कशावरून?

"कितवा स्टेज आहे?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत.

ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत. १ म्हणजे कमी, ३ म्हणजे जास्त. हे तुकड्यावरून कळते.

स्टेज म्हणजे कॅन्सर कुठवर पोहोचला. ढोबळ मानाने, पहिल्या टप्प्यात तो पिशवीच्या आतच असतो. दुसऱ्यात पिशवीच्या तोंडात उतरतो. तिसऱ्यात अंडाशय, योनिमार्ग किंवा आजूबाजूच्या लसिकागाठींत जातो. चौथ्यात मूत्राशय, आतडे किंवा दूरच्या अवयवांत. पहिल्या टप्प्यातही तो भिंतीच्या अर्ध्यापेक्षा जास्त आत गेला का, याला महत्त्व आहे. स्टेजचा पक्का निर्णय शस्त्रक्रियेत काढलेली पिशवी, नळ्या, अंडाशय आणि गाठी तपासल्यावर होतो.

मग रक्तातल्या मार्करचे काम काय? ते आहे, पण निदान झाल्यानंतरचे. शस्त्रक्रियेआधी सीए-१२५ खूप वाढलेला असेल तर कॅन्सर पिशवीबाहेर गेल्याची शंका घेऊन डॉक्टर एमआरआय किंवा सीटी नीट पाहतात आणि शस्त्रक्रियेची आखणी तशी करतात. शस्त्रक्रियेआधी वाढलेला आकडा नंतर खाली आला आणि काही महिन्यांनी पुन्हा चढू लागला, तर कॅन्सर परतल्याची ती खूण असू शकते. पण आधीच नॉर्मल असलेल्या बाईला दर वेळी ही तपासणी करून फारसे हाती लागत नाही. तपासणी दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी, कारण मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

भीती दाखवून पिशवी काढणे

मार्करच्या चुकीच्या वापराचा दुसरा धोका आपल्या राज्यात नवा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तरुण वयातच पिशवी काढलेल्या कित्येक महिलांनी सांगितले, की अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या आणि "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" ही भीती त्यांना घातली गेली. खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर मुकादमाचा दंड, हेही त्यामागे होते.

यातून आपण काय शिकायचे? तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरच्या नावाने पिशवी काढू देऊ नये. कॅन्सर नसेल तर शस्त्रक्रिया विनाकारण होते, कर्ज होते, अंडाशयही काढले तर तरुण वयात हाडे झिजू लागतात. आणि कॅन्सर असेलच, तर शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने, कॅन्सरच्या जाणकार डॉक्टरांकडून व्हायला हवी. अर्धवट शस्त्रक्रिया झाली तर टप्पा नीट कळत नाही आणि कधी पुन्हा पोट उघडावे लागते.

इतर कारणाने पिशवी काढली असेल तरी ती तपासणीला पाठवलीच पाहिजे. "पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे?" हा प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

लाल गेले तर नाशिकमध्ये काय करायचे?

बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली. त्यानंतर एक थेंब जरी लाल गेला, गुलाबी किंवा तपकिरी पाणी गेले, तरी ती "परत आलेली पाळी" नव्हे आणि "उष्णता"ही नव्हे. ४५ वर्षांपुढे पाळी अनियमित होऊन फार रक्त जात असेल, किंवा तरुण वयात स्थूलपणा व पीसीओडी असून महिनोन्‌महिने पाळी न येता एकदम भरपूर जात असेल, तरीही दाखवावे.

घाबरू नका. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहा बायांपैकी साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांना अस्तर कोरडे पडणे, कोंब येणे अशी साधी कारणे असतात. पण ती एक कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

पहिली पायरी : जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात स्त्रीरोग विभागात केस पेपर काढा. नाशिकरोडला बिटको, कथड्याला डॉ. झाकीर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी रुग्णालय आहे. त्र्यंबक रोडला जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सिव्हिल आणि शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय त्यात येतात.

दुसरी पायरी : आतून करायची सोनोग्राफी. पाळी गेलेल्या बाईचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. त्याहून जाड असेल तर तुकडा घ्यावा लागतो. पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात राहिले, तरी तुकडा घ्यायला सांगा.

तिसरी पायरी : बायोप्सी. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात. यात भूल बहुधा लागत नाही, थोडी कळ येते. कधी भूल देऊन पिशवी खरवडून घेतात, कधी दुर्बीण आत घालून पाहतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीने तुकडा टाळू नका. निदानाचा दुसरा रस्ता नाही.

चौथी पायरी : कॅन्सर निघालाच तर संदर्भ सेवा रुग्णालयातला कर्करोग विभाग गाठा, किंवा मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जा. १९४१ पासून हे हॉस्पिटल चालू आहे. जाताना केवळ रिपोर्टचा कागद पुरत नाही. जिथे बायोप्सी झाली तिथून काचेच्या स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. टाटामध्ये त्या पुन्हा तपासतात आणि वर सांगितलेले पी-५३, एमएमआर यांसारखे मार्कर त्याच ब्लॉकवर करता येतात. सोनोग्राफी, सीटी, रक्ताचे सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा.

पाचवी पायरी पैशांची : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येते. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरीआधीच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, हे त्याला आधीच विचारा. योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत मिळते, तो फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्का घेऊन भरावा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. सावकाराकडे जाण्याआधी हे सगळे दरवाजे ठोठावा.

घराने काय करायचे

धुणीभांडी, बांधकाम, सफाई, एमआयडीसीतली पाळी यांत दिवस जाणारी बाई स्वतःच्या अंगावरून जाणाऱ्या रक्ताबद्दल घरात बोलत नाही. सुनेसमोर लाज, मुलासमोर तर विचारूच नका. जुने कापड घेते आणि कामाला जाते. सहा महिने, वर्ष असेच जाते. अस्तराचा कॅन्सर लवकर इशारा देतो, पण तो इशारा घराच्या कोपऱ्यात दडपला जातो.

या गप्प बसण्याचे मूळ "विटाळ" या शब्दात आहे. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावरून आणि देवळाच्या दारातून हाकलले, तो आपण टाकून दिला. मग बाईच्या अंगातल्या रक्ताला तो शब्द का चिकटून राहावा? रक्त हा शरीराचा निरोप आहे. तो घरात मोठ्याने सांगता आला पाहिजे, आणि मुलाने, नवऱ्याने तो ऐकून दुसऱ्या दिवशी खाडा करून दवाखान्यात सोबत गेले पाहिजे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत महिला मंडळाने साधा प्रश्न विचारावा : "पाळी गेल्यावर कोणाला लाल गेलंय का?" हात वर करायची गरज नाही. बैठक संपल्यावर कानात सांगितले तरी चालेल. सोबत दोघींनी केस पेपर काढायला जावे.

फाईलवर लिहून ठेवा

१. पाळी गेल्यावर एकदा जरी लाल गेले तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवा.

२. सीए-१२५ नॉर्मल आला म्हणून तपासणी थांबवू नका.

३. सीए-१२५ वाढला म्हणून कॅन्सर ठरत नाही. टीबी, गाठी, पाळीचे दिवस यांतही तो वाढतो.

४. काही त्रास नसताना "कॅन्सर मार्कर पॅकेज"वर पैसे घालवू नका. तेच पैसे साखर-बीपी तपासायला आणि ३० वर्षांपुढील प्रत्येकीच्या पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला जाण्या-येण्यासाठी ठेवा.

५. प्रकार आणि ग्रेड तुकड्यावरून ठरतात. पक्की स्टेज शस्त्रक्रियेनंतर कळते. रक्तातला मार्कर मदतनीस आहे, न्यायाधीश नाही.

६. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरच्या नावाने पिशवी काढू देऊ नका. काढलेली पिशवी तपासणीला गेली का, हे विचारा.

७. स्लाईड आणि ब्लॉक जपून ठेवा.

८. घराण्यात पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

हे पान कापून रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवा. शेजारणीला गरज पडली तर ते चटकन सापडेल.